मदत हवी आहे: प्लाझ्मा करूनही कॅथेटरच्या तुकड्यांवर बॅक्टेरिया जास्तच चिकटतायत

खटपटी: एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनीभूत केलेल्या ऑक्सिजनचा मारा) केला की पृष्ठभागावर पाणी पसरतं आणि बॅक्टेरिया कमी चिकटतात असं वाचून सुरू केलं, पण माझे प्लाझ्मावाले तुकडे साध्यांपेक्षा जास्त जांभळे येतायत. सर म्हणतात परत कर. सबमिशन डोक्यावर आहे, प्लीज पटकन सांगा.

गोगलगाय: प्लॅस्टिक कुठलं? बॅक्टेरिया कुठला? जांभळे म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट का, बॅक्टेरिया रंगवायचा डाय?

खटपटी: हो मग अजून काय असणार. फोलीचं (लघवीच्या कॅथेटरचं) सिलिकॉन, ई. कोलाय.

बापूसाहेब: प्लाझ्माबिझ्मा सोडा, चांदीचं कोटिंग करा. तयार कॅथेटर मिळतात.

गोगलगाय: बापूसाहेब, ब्रिटनमध्ये 7 हजारांवर पेशंट घेऊन चाचणी झाली, 2012 ला लॅन्सेटमध्ये आली. थोड्या दिवसांच्या कॅथेटरला चांदीने इन्फेक्शनमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

बापूसाहेब: एका चाचणीने काय होतंय, तान्ह्या बाळाला चांदीच्या वाटीतनं दूध पाजतात ते उगाच का?

लॅबउंदीर: @खटपटी प्लाझ्मा कधी आणि बॅक्टेरिया कधी?

खटपटी: मशीन दुसऱ्या डिपार्टमेंटला आहे, शुक्रवारीच नंबर लागतो. सोमवारी लावते. झिपलॉकमध्ये असतात तुकडे.

लॅबउंदीर: मग झालं! सिलिकॉनमधल्या छोट्या साखळ्या वर येतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो, कोरडं ठेवलं तर लवकरच. पाण्यात बुडवून ठेव. खरं तर पॉलीडोपामिनचा (कशालाही चिकटणारा) थर कर, डोपामिन 2 मिग्रॅ प्रति मिली, ट्रिस बफर पीएच 8.5, रात्रभर बुडव, मशीनच नको.

गोगलगाय: पॉलीडोपामिनवर नुसतंच सोडलं तर पेशी छान बसतात, वर पीईजी नाहीतर सल्फोबीटेन (पेशींना चिकटू न देणारे पदार्थ) लावावं लागतं ते सांगा की. आणि प्लाझ्मा उतरला असता तर साध्याइतकंच आलं असतं, जास्त का येईल? ब्लँक (बॅक्टेरिया न घातलेला तुकडा) लावलाय का?

खटपटी: लावलाय ना, साध्या तुकड्याचा.

गोगलगाय: प्लाझ्मावाल्याचा लाव, बॅक्टेरिया न घालता. प्लाझ्माने पृष्ठभाग ऋण होतो, क्रिस्टल व्हायोलेट धन, डायच चिकटत असणार.

सुनंदा_क: सासऱ्यांचा कॅथेटर सारखा ब्लॉक होतो, हा प्लाझ्मा पुण्यात कुठे करून मिळेल?

गोगलगाय: ताई, हे लॅबमधलं आहे. प्रोटियस नावाचा जंतू युरिया फोडतो, लघवीचा पीएच चढतो आणि नळीत क्षार साचतात, तसं असू शकतं. युरोलॉजिस्टला दाखवा, कल्चर करायला सांगतील.

खटपटी: लावला ब्लँक. बॅक्टेरिया नसतानाही जांभळा!! आता आधीची सगळी रीडिंग्ज फेकायची?

लॅबउंदीर: ब्लँक वजा कर, निघेल काहीतरी.

गोगलगाय: नको, दर बॅचला प्लाझ्माचा असर वेगळा, वजाबाकीवर कोण विश्वास ठेवणार. तुकडे पीबीएसने (खारट बफरने) हळू धुऊन सोनिकेट कर (ध्वनिलहरींनी बॅक्टेरिया सुटे कर) आणि प्लेटवर कॉलनी मोज.

खटपटी: बाथ सोनिकेटर चालेल का? प्रोब बंद आहे.

गोगलगाय: चालेल, बर्फ टाक, पाणी तापतं.