पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं

विषय: ठाण्यात बीजगणित समजावून सांगणारं कुणी आहे का?
प्रेषक: सोनूची आई (सध्या मुक्काम नौपाडा)

नमस्कार मंडळी,

महिनाभरासाठी परदेशातून आईकडे आलेय. सोनूने कॉलेज अल्जेब्राचा विंटर टर्मचा ऑनलाइन कोर्स घेतलाय, कारण "भारतात मला काय उद्योग असणार" असं त्याला वाटलं होतं. आल्यापासून दोन लग्नं, एक मुंज आणि रोज कुणाकडे तरी जेवण. आता डोळे उघडलेत. पहिली युनिट टेस्ट इक्वेशन्स आणि इनइक्वॅलिटीजवर आहे, तिकडच्या बुधवारी संध्याकाळी सातला. म्हणजे इथे गुरुवारी पहाटे साडेपाच. २० प्रश्न, ७५ मिनिटं, कॅमेरा चालू, कॅल्क्युलेटर बंद.

सराव परीक्षेत २० पैकी ११ आले. गंमत म्हणजे सूत्रं त्याला पाठ आहेत. चुका बघा (एक्सला क्ष लिहितेय, आपल्या वेळेसारखं):

−३क्ष + ५ < २० याचं उत्तर त्याने क्ष < −५ काढलं.
५/(क्ष − २) > १ याचं क्ष < ७.
√(क्ष + ६) = क्ष याची ३ आणि −२, दोन्ही.
क्ष² = ५क्ष याचं फक्त ५.

चारही चूक. आणि रीत बघितली तर मलासुद्धा चारही बरोबर वाटतात! माझं गणित बारावीला सुटलं ते सुटलंच. जवळच्या एका क्लासमध्ये विचारून आले, तर त्यांनी आधी बोर्ड कुठलं ते विचारलं आणि मग अख्ख्या वर्षाची फी सांगितली. मला चार दिवसांसाठी कुणीतरी हवंय. मंडळाच्या या ईमेल-यादीवरच्या कुणाचे ठाण्यात ओळखीचे शिक्षक असतील तर कळवा.

- सोनूची आई

*

विषय: उत्तर: ठाण्यात बीजगणित समजावून सांगणारं कुणी आहे का?
प्रेषक: नाना

सौ. सोनूच्या आई,

तुम्ही हाक मारलीत सातासमुद्रापार आणि ती ऐकू आली तुमच्या मागच्या गल्लीत. लेकीकडे दोन हिवाळे काढले तेव्हा या यादीवर नाव घातलं होतं, ते काढायचं राहून गेलं. एकतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. चिरंजीवांना संध्याकाळी पाठवा. फी नाही. येताना पाटी नको, कोरे कागद आणायला सांगा. पाठकोरे चालतील.

तोवर चुकांबद्दल लिहितो, म्हणजे यादीवरच्या इतर पालकांच्याही उपयोगी पडेल. त्या चार दिसतात, पण चूक एकच आहे आणि ती बहुधा तुम्ही त्याला शिकवलीत. घरी मदत करताना "इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं" असं म्हणालात ना? आम्हीच तुम्हाला तसं शिकवलं होतं. पक्षांतर! वाक्य तोंडात बसतं, पण तिकडे नेताना नेमकं काय केलं ते त्यात कुठेच येत नाही.

पहिल्या उदाहरणात त्याने −३ ने भागलं. २ < ५ हे खरं. दोन्हीला उणे करा, −२ आणि −५. आता मोठं कोण? संख्यारेषा आरशात बघितल्यासारखी उलटते, म्हणून < चं > होतं. उत्तर क्ष > −५. शून्य घालून बघितलं असतं तरी कळलं असतं: ५ < २० खरं आहे आणि शून्य त्याच्या उत्तरात नाही.

दुसऱ्यात (क्ष − २) ने गुणलं. पण ते धन की ऋण हे कुणाला ठाऊक? क्ष कळलाच नाहीये अजून. ज्याचं चिन्ह माहीत नाही त्याने असमतेला (म्हणजे इनइक्वॅलिटीला) गुणायचं नाही, सगळं एका बाजूला आणायचं. (७ − क्ष)/(क्ष − २) > ० होतं. २ आणि ७ या दोन खुणा. शून्य घातलं तर ऋण, ३ घातलं तर धन, १० घातलं तर पुन्हा ऋण. म्हणजे २ < क्ष < ७.

तिसऱ्यात वर्ग केला. वर्ग केला की २ आणि −२ एकाच घरात राहायला जातात, मग बाहेर येताना दोघंही येतात. −२ मूळ समीकरणात घाला, √४ = −२ म्हणावं लागेल. ते खोटं, म्हणून −२ हा परका. चौथ्यात क्षने भागलं आणि क्ष शून्यही असू शकतो हे विसरला. तिथे परका आत आला नाही, घरचा बाहेर गेला. तो जास्त वाईट, कारण ताळा करूनही सापडत नाही.

- नाना

*

प्रेषक: अण्णा

नानासाहेब, साष्टांग. मीसुद्धा ठाण्याचा, चरईतला. आपल्यासारख्याच एका मास्तरांकडून "पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं" शिकलो आणि त्याच शिदोरीवर इंजिनियरिंगची तीस वर्षं काढली. (आजच्या महाराष्ट्रात हे वाक्य गणिताच्या तासाबाहेरही तंतोतंत लागू पडतं हा भाग वेगळा.)

तर माझं म्हणणं असं. एक, अल्जेब्रा हा शब्दच मुळी पक्षांतरातून आला. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मींनी "अल-जब्र" म्हटलं ते हेच. दोन, २० प्रश्नांना ७५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पावणेचार मिनिटं. प्रत्येक पायरीला पोरगं "मी हे करू शकतो का" विचारत बसलं तर तेराव्या प्रश्नावर वेळ संपेल. परीक्षेत हात चालला पाहिजे, शंका नंतर.

- अण्णा

*

प्रेषक: चिटणीस, मंडळ

सर्वांना विनंती, यादीवर राजकारण नको. चिन्हांचं तर मुळीच नको. संक्रांतीच्या तिळगुळाची ऑर्डर शुक्रवारपर्यंत कळवा, गुळाची पोळी हवी असल्यास वेगळं लिहा.

*

प्रेषक: नाना

अण्णा,

अल-जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं. हाड बसवणाऱ्यालाही तोच शब्द. समीकरणात एका बाजूला काही वजा होऊन तुटलेलं असेल, तर तेवढंच दोन्ही बाजूंना मिळवून ते भरून काढायचं. "दोन्ही बाजूंना" हे महत्त्वाचं. नेणंआणणं नाही. तुम्ही माझाच साक्षीदार उभा केलात.

वेळेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आणि काल सोनूला बसवल्यावर तो मलाही दिसला. साध्या रेषीय समीकरणांत पोरगं झपाझप जातं, तिथे ताळा कशाला? शंका फक्त चार ठिकाणी घ्यायची असं ठरवलंय. मूळचिन्ह (√) दिसलं, छेदात क्ष दिसला, असमतेला ऋणाने गुणलं-भागलं, किंवा दोन्ही बाजूंना क्षने भागलं. बाकी घोडा सोडून द्यायचा.

केवलमूल्यात (ॲब्सोल्यूट व्हॅल्यूत) मात्र तो अडला होता. |२क्ष − ३| ≤ ७ आणि |२क्ष − ३| > ७, दोन्ही एकाच साच्यात ओतत होता. पुस्तकात "आणि" व "किंवा" असं लिहून सोडून दिलंय. त्याला म्हटलं, चल स्टेशनवर. खरंच गेलो. पुलावर उभं करून विचारलं, इथून दोन किलोमीटरच्या आत राहणारे लोक रुळाला धरून कुठे सापडतील? म्हणाला, थोडे त्या बाजूला, थोडे ह्या बाजूला, सगळे सलग. एकच तुकडा. बरं, दोन किलोमीटरच्या बाहेरचे? थोडा वेळ गाड्या बघितल्या आणि म्हणाला, "काही मुलुंडकडे, काही कळव्याकडे. दोन तुकडे. पण एकच माणूस दोन्हीकडे नसणार." झालं. "किंवा" कळला. केवलमूल्य म्हणजे अंतर, एवढंच आहे ते. |२क्ष − ३| ≤ ७ म्हणजे, २ ने भागलं की, दीडपासून साडेतीन अंतराच्या आत, −२ ते ५. आणि > ७ म्हणजे −२ च्या अलीकडे किंवा ५ च्या पलीकडे.

येताना रिक्षा केली. मीटरवरच उदाहरण घातलं. फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. खिशात शंभराची नोट, किती लांब जाता येईल? त्याने मांडलं:

२६ + १७.१४(क्ष − १.५) ≤ १००

७४ ला १७.१४ ने भागून ४.३२, त्यात दीड, म्हणजे क्ष ≤ ५.८२. छान. मी विचारलं, मग शून्य किलोमीटर गेलो तर किती होतील? त्याने शून्य घातलं. २६ उणे २५.७१, म्हणजे २९ पैसे. रिक्षात न बसता २९ पैसे मागणारा रिक्षावाला आणि दीड किलोमीटरच्या आत २६ च्या खाली येणारा मीटर, दोन्ही ठाण्यात दाखवा. तेव्हा मुलगा पहिल्यांदा मनापासून हसला. मांडणी दीडच्या पुढेच खरी आहे, म्हणून १.५ ≤ क्ष ≤ ५.८२. समीकरणाला आपण कुठून आलो ते माहीत नसतं. ते लक्षात ठेवायचं काम मांडणाऱ्याचं.

वर्गसमीकरणासाठी एक जुनी रीत दिलीय. त्याला पूर्ण वर्ग करताना अपूर्णांकांचा कंटाळा. ३क्ष² + ५क्ष − २ = ० घ्या. क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ ने, सगळं गुणायचं: ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे ५ चा वर्ग मिळवा. डावीकडे (६क्ष + ५) चा वर्ग झाला, उजवीकडे ४९. म्हणून ६क्ष + ५ = ७ किंवा −७, आणि क्ष = १/३ किंवा −२. अपूर्णांक आला तो थेट शेवटी. ही श्रीधराचार्यांची रीत, आणि ती आपल्यापर्यंत पोचली कारण भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी ती सांगितली. चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, अण्णा, पुढच्या खेपेला याल तेव्हा जाऊ.

- नाना

*

प्रेषक: अण्णा

हाड बसवणारा माहीत नव्हता. हरलो. पाटणादेवीचं नक्की. चिटणीस, माझ्या गुळाच्या पोळ्या सहा.

*

प्रेषक: सोनूची आई

मंडळी, झाली एकदाची.

पहाटे साडेचारला उठवलं. आईने त्याही वेळी आल्याचा चहा आणि दशम्या ठेवल्या. कॅमेऱ्यात खोली दाखवावी लागते, तर मागे देव्हारा, भिंतीवर आजोबांचा फोटो आणि पलंगावर झोपलेला मामा. मामाला उठवून बाहेर काढला. कावळे, दूधवाला, खालच्या मजल्यावरचा भूपाळ्या लावणारा रेडिओ, हे सगळं तिकडच्या निरीक्षकाला ऐकू गेलं असणार. "पार्श्वभूमीत आवाज" अशी सूचना दोनदा आली. तिसऱ्यांदा आली असती तर पेपर थांबला असता म्हणे. आई खाली जाऊन रेडिओ बंद करून आली. काय सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "परीक्षा आहे म्हटलं. लगेच बंद केला त्यांनी."

२० पैकी १७. तीनपैकी दोन घाईत गेले, एकात अंतराल (इंटरव्हल) लिहिताना गोल कंस आणि चौकोनी कंस यांची अदलाबदल केली. छेदवालं आलं होतं, ते सोडवलं. मूळचिन्हाचं आलं होतं, तिथे एक उत्तर खोडून बाजूला "परका" असं मराठीत लिहिलं कागदावर. कागद अपलोड करायचा होता. तिकडच्या प्राध्यापकांनी त्याच्याखाली प्रश्नचिन्ह काढलंय, मार्क मात्र दिलेत.

नाना, तुम्ही परवा जाताना त्याला माकडांचं काहीतरी घातलंत, ते तो काल लग्नाच्या पंगतीत सोडवत बसला होता. विचारतोय, पुढचं पाठवा.

- सोनूची आई

*

प्रेषक: नाना

बाळ, १७ म्हणजे चांगले. कंसांचं बोलू.

यादीसाठी सांगतो, माकडं भास्कराचार्यांच्या बीजगणितातली. कळपाचा आठवा भाग, त्याचा वर्ग केला तर तेवढी रानात खेळतायत, उरलेली १२ डोंगरावर. एकूण किती? उत्तरं दोन येतात, ४८ आणि १६, आणि दोन्ही चालतात. हे त्याने केलंय.

आता पुढचं. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, आलेल्याचा वर्ग केला, तेवढी गुहेत गेली. एक झाडावर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. भास्कराचार्यांनी ५ टाकून दिलं. का, ते सोनूने स्वतः शोधायचं. कुणी यादीवर उत्तर लिहू नये, अण्णा तुम्हीसुद्धा.

संध्याकाळी साडेसहाला ये म्हणावं. आज तलावपाळीला बसू, घरात पाहुणे आहेत.

- नाना