कमी लाथेची रायफल: डुकरासाठी .३१५ घ्यावी की बाराबोरच बरी?

कातळावरचा: शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कोकणात सरसकट बाराबोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, घेतात, सोपी म्हणून. मला हे चूक वाटतं. ३२ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस तीन किलोच्या बंदुकीतून सुटलं की खांद्यावरचा धक्का, म्हणजे लाथ, ३० ज्यूलच्या आसपास जातो. साडेतीन किलोच्या .३०-०६ रायफलीतून १८० ग्रेनची (सुमारे १२ ग्रॅमची) गोळी सोडली तरी २७-२८ च. लाथेच्या धास्तीने बार सुटायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, नळी खाली झुकते. बार पोटात. तसलं डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं की सकाळी काजू वेचायला जाणाऱ्याच्या जिवाशी गाठ. लाथ कमी हवी तर .३१५ रायफल घ्या, आणि हलकी शोधू नका. काडतूस तेच ठेवून बंदूक दुप्पट जड केली, तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते.

गडगा: साफ असहमत. .३१५ ची २४४ ग्रेनची गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडेही जीव घेईल, आणि आपल्याकडे भातखाचर संपलं की पुढची वाडी लागते. जांभ्यावर तिरकी बसली तर कुठे उसळेल सांगता येत नाही. एलजीचा, म्हणजे बाराबोरच्या जाड छऱ्यांच्या काडतुसाचा, छरा पाच-सहाशे मीटरांत दमतो. लाथ कमी करायची तर २८ ग्रॅमचं काडतूस वापरा, दस्त्याला रबरी पॅड लावा.

कातळावरचा: माळ्यावर बसून खाली मातीकडेच नेम धरायचा, मागे बांध नसेल तर बार नाही. हा नियम बाराबोरलाही आहेच. एलजीत छरे सहा. तीस मीटरवर त्यातले दोन-तीन लागले तर नशीब, आणि नराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं जाड.

पाणंद: लाथच नको असेल तर .२४३ विंचेस्टर बघा. १९५५ पासूनचं काडतूस, १०० ग्रेनची गोळी, धक्का सुमारे १२ ज्यूल. ६.५ क्रीडमूरचा १६-१७.

गडगा: कागदावर उत्तम. पण ती काडतुसं इथल्या दुकानात मिळणार कुठून? आणि .२२ कुणी सुचवू नका. तिला लाथ नाही, पण डुक्कर नुसतं जखमी होतं.

चिंचेखाली: माप कुणीच काढलं नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर जास्त असलं, की दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसतो आणि तिथेच काळंनिळं होतं. बुटक्या माणसाला ३३ सेंटिमीटर पुरतात. वरून चढवायचा रबरी पॅड आणखी दोनेक सेंटिमीटर वाढवतो, म्हणून आधी दस्ता कापा, मग पॅड. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकणारा भोकांचा तुकडा) लावून लाथ घटते, पण आवाज कानात घुसतो. दुसरं, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

गडगा: मापाचं पटलं. पण मग आधी दस्ता नीट करा, रायफल नंतर. धास्ती आहे का तेही तपासा: सरावाला दुसऱ्या माणसाने काडतुसं भरायची, मधेच एखादं नकली, बंदूक धरणाऱ्याला न सांगता. नुसतं 'टक्' वाजलं आणि नळी तरीही खाली झुकली, तर .३१५ घेऊनही बार पोटातच जाणार.