टीएमपीएफएस चालू असतानाच रीड-ओन्ली कशी करावी? 'टार्गेट इज बिझी' येतंय

सर्व्हरसाथी: लिनक्सवर /एसआरव्ही/कोश इथे १ जीबीची टीएमपीएफएस (रॅममध्ये राहणारी फाइलसिस्टिम) आहे. बूटनंतर एक स्क्रिप्ट तिच्यात डेटा भरते, पुढे सगळे प्रोसेस फक्त वाचतात. भरून झाल्यावर ती कुलूपबंद करायची आहे. 'माउंट -ओ रीमाउंट,आरओ' (आरओ म्हणजे रीड-ओन्ली) कधी चालतं, कधी बिझी म्हणतं. अनमाउंट केलं तर डेटाच जाईल. काय करावं?

कर्नलवाचक: कमांड बरोबर आहे, रीमाउंटने डेटा जात नाही. बिझी येण्याची कारणं दोन. कोणीतरी फाइल लिहिण्यासाठी उघडी ठेवली असेल, किंवा डिलीट झालेली फाइल अजून कोणाच्या तरी हातात असेल. हे दुसरं कारण हमखास नजरेतून सुटतं, कारण ती फाइल नुसती वाचायला उघडलेली असली तरी रीमाउंट अडतं.

आधी उघड्या फाइल दाखवणारी 'एलएसओएफ /एसआरव्ही/कोश' ही कमांड चालवा आणि एफडीच्या (उघड्या फाइलच्या क्रमांकाच्या) रकान्यात आकड्यापुढे डब्ल्यू किंवा यू, म्हणजे लिहिण्यासाठी उघडी, आहे का बघा. मग 'एलएसओएफ +एएल१ /एसआरव्ही/कोश', यात डिलीट झालेल्या फाइल दिसतील. एफडी बंद करूनही शेअर्ड रायटेबल एममॅप (प्रोसेसच्या मेमरीत जोडलेली, लिहिता येणारी फाइल) शिल्लक असेल, तर ती 'मेम' म्हणून दिसते आणि तीही अडवते. तो प्रोसेस रीस्टार्ट करा, मग रीमाउंट.

एफस्टॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) या माउंटची ओळ असेल तर तीही तपासा. नुसता डिरेक्टरीचा पाथ दिला की रीमाउंट तिथले पर्याय उचलतं. तिथला साइझ सध्याच्या वापरापेक्षा कमी असेल तर रीमाउंट फसतं. आणि त्या ओळीत आरओ लिहू नका, बूटला रिकामी, न भरता येणारी टीएमपीएफएस मिळेल.

सर्व्हरसाथी: डेटा दिवसातून एकदा बदलतो. दरवेळी आरडब्ल्यू (रीड-राइट) करायचं का?

कर्नलवाचक: नको, मग बाइंड माउंटच घ्या, म्हणजे तीच डिरेक्टरी दुसऱ्या पाथवरही दाखवा. मूळ माउंट रूटपुरतं ठेवा, म्हणजे ते /एसआरव्ही/आत/कोश इथे न्या आणि /एसआरव्ही/आत या डिरेक्टरीला ०७०० (फक्त मालकाला प्रवेश). मग:

माउंट --बाइंड /एसआरव्ही/आत/कोश /एसआरव्ही/वाचन
माउंट -ओ रीमाउंट,बाइंड,आरओ /एसआरव्ही/वाचन

दुसऱ्या ओळीतलं 'बाइंड' गाळलंत तर सुपरब्लॉकच, म्हणजे अख्खी फाइलसिस्टिमच, आरओ होईल आणि मूळ माउंटवरही लिहिता येणार नाही. खात्रीसाठी /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो वाचा: सुट्या डॅशच्या आधी त्या माउंटचे पर्याय, नंतर सुपरब्लॉकचे. आधी आरओ आणि नंतर आरडब्ल्यू दिसलं की जमलं. नवा डेटा वेगळ्या नावाने लिहून शेवटी रीनेम करा, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धवट फाइल मिळणार नाही.

बीएसडीप्रेमी: फ्रीबीएसडीवर 'माउंट -यू -ओ आरओ'. लिहिण्यासाठी उघड्या फाइल असल्या तर तिथेही नकार येतो. -एफ ने जबरदस्ती करता येते, पण लिहिणाऱ्या प्रोसेसला पुढे एरर येणार हे धरून चाला.

कर्नलवाचक: एक राहिलं. आरओ केल्याने रॅम मोकळी होत नाही, आणि पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपमध्येही, म्हणजे डिस्कवर, जाऊ शकतात. ते टाळायचं तर कर्नल ६.४ पासून 'नोस्वॅप' हा पर्याय आहे, तो पहिल्या माउंटलाच द्या. /रन आणि /डेव्ह/एसएचएम यांना मात्र आरओ करू नका, सिस्टिमडी आणि शेअर्ड मेमरी वापरणारे प्रोग्राम तिथे सतत लिहीत असतात.