दहा गुण मिळाले म्हणजे नैराश्य झाले?

दीर्घसूत्री (धागालेखक)

‘नैराश्य घरच्या घरी ओळखा’ हे लेखन गेल्या आठवड्यात बहुतेकांनी वाचले असेल. त्यातील नऊ प्रश्नांविषयी माझी तक्रार नाही, शेवटच्या परिच्छेदाविषयी आहे. त्या लेखकाच्या मते बेरीज दहा किंवा अधिक आली की नैराश्य सिद्ध झाले. मनोविकारतज्ज्ञ तरी याहून वेगळे काय विचारतात, तेव्हा त्यांच्याकडे न जाता नेहमीच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्याव्यात. इतका घातक सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिलेला मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ते नऊ प्रश्न म्हणजे पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. तिचा मूळ अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दहा ही सीमा धरली, तर आजारी असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक सापडतात आणि आजारी नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोक वगळले जातात, असे त्यात दिसले. आकडा भारदस्त आहे. परंतु हजार माणसांनी ही प्रश्नावली भरली आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे असे धरले, तर त्यांतील ४४ जण सापडतील आणि उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी ११४ जणांचीही बेरीज दहा किंवा अधिक भरेल. म्हणजे ज्यांना या लेखकाने गोळ्या घ्यायला सांगितले, त्यांच्यातील बहुसंख्यांना तो आजारच नसेल.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. हे प्रश्न फक्त गेल्या दोन आठवड्यांविषयी आहेत. बायपोलर आजारातील, म्हणजे ज्यात उन्माद आणि उदासी दोन्ही येतात त्या आजारातील, उदासी आणि साधे नैराश्य यांची लक्षणे त्या दोन आठवड्यांत हुबेहूब सारखी दिसू शकतात. फरक असतो तो पूर्वायुष्यात: कधीतरी आठवडाभर टिकलेल्या उन्मादात किंवा निदान चार दिवसांच्या हायपोमेनियात (सौम्य उन्मादात), जेव्हा झोप कमी होऊनही थकवा आला नाही, बोलणे थांबेना, योजना आवरेनात आणि खर्चाला धरबंध उरला नाही. हायपोमेनियात माणूस डॉक्टरकडे जात नाही, कारण तो काळ त्याला आयुष्यातील सर्वोत्तम वाटतो. पुढे उदास झाल्यावरही तो काळ आजार म्हणून त्याला आठवत नाही. म्हणून घरातल्या कोणाला तरी सोबत बोलावून विचारावे लागते. थायरॉइड मंदावलेला आहे का, स्टेरॉइड सुरू आहेत का, मद्यपान किती आहे, हेही पाहावे लागते. यांपैकी एकही गोष्ट त्या नऊ प्रश्नांत नाही.

शेवटचा मुद्दा नवव्या प्रश्नाचा. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरण बरे वाटण्याच्या विचारांविषयी आहे आणि त्या लेखात तो इतर आठांसारखाच बेरजेत ढकललेला आहे. एकूण सहा गुण असूनही ज्याने नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले, त्याला तातडीने मदत हवी. त्या लेखाप्रमाणे मात्र तो निरोगी ठरतो.

सडेतोड

आपले गणित बरोबर आहे आणि तरीही आपला लेख वाचून मला संताप आला. मी सकाळी अंथरुणातून उठू शकत नव्हतो तेव्हा घरच्यांनी त्याला आळस म्हटले, वरिष्ठांनी बेजबाबदारपणा म्हटले आणि एका डॉक्टरांनी पित्त म्हणून औषध दिले. ही प्रश्नावली भरल्यावर मला पहिल्यांदा कळले की झोप उडणे, भूक जाणे, एकाग्रता नाहीशी होणे आणि स्वतःविषयी किळस वाटणे ही सारी एकाच आजाराची लक्षणे असू शकतात. माझी बेरीज एकोणीस होती. तो कागद दाखवल्यावर डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

ज्यांना तज्ज्ञ सहज उपलब्ध आहेत, त्यांनी प्रश्नावलीला नावे ठेवावीत. आपल्या हिशेबातले ११४ जण फार तर एकदा डॉक्टरांना भेटून परत येतील, परंतु उरलेले ४४ जण त्या कागदाविना घरातच कुजत राहतील. आपल्याला चिंता नेमकी कोणाची आहे?

मृण्मयी

‘फार तर एकदा भेटून परत येतील’ हे वाक्य ज्यांनी लिहिले, त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला हवे होते. तिची बेरीजही अशीच मोठी होती. पूर्वी असे काही झाले होते का, हे न विचारताच तिला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत ती बरी वाटू लागली, आम्ही आनंदलो, आणि मग ती थांबेचना. रात्री दोन तास झोपून ती ताजीतवानी उठे, अनोळखी माणसांना फोन करून भागीदारीचे प्रस्ताव देई, आणि कोणी अडवले की अंगावर धावून येई. बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना केवळ नैराश्यावरची गोळी दिली तर असे होऊ शकते, हे आम्हाला रुग्णालयात कळले. महाविद्यालयात असताना तिने परीक्षेच्या आधी एक पूर्ण आठवडा न झोपता नाटक लिहिले होते आणि आम्ही सर्वांनी तिचे कौतुक केले होते. ती गोष्ट कोणी विचारली असती तर मी पहिल्याच भेटीत सांगितली असती.

अमेरिकेतील बायपोलर रुग्णांचे एक सर्वेक्षण २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ६९ टक्के रुग्णांचे आधी चुकीचे निदान झाले होते, बहुतेकदा नैराश्याचे. आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांना योग्य निदानासाठी दहा किंवा त्याहून अधिक वर्षे थांबावे लागले होते.

शंकेखोर

आपण सर्वजण असे भांडत आहात, जणू खरे निदान कुठेतरी अस्तित्वात आहे आणि ते फक्त शोधायचे आहे. ही प्रश्नावली फायझर या औषधकंपनीच्या अनुदानातून तयार झाली, हे येथे कोणीच सांगत नाही. नैराश्यासाठी आजही रक्ताची चाचणी नाही. मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्याने नैराश्य येते या समजुतीला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे २०२२ साली मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात दिसून आले. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकाच्या क्षेत्रचाचण्यांत दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा नैराश्याच्या निदानावरील त्यांचे एकमत, ज्यात शून्य म्हणजे निव्वळ योगायोग आणि एक म्हणजे पूर्ण सहमती, ०.२८ एवढेच भरले. तज्ज्ञाकडे जा म्हणता, पण कोणत्या तज्ज्ञाकडे? पहिल्या की दुसऱ्या?

रात्रपाळी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि शंकेखोर यांचा ०.२८ हा आकडा बरोबर आहे. त्यांनी त्याच चाचण्यांतील बायपोलर-१ चा (पूर्ण उन्माद येणाऱ्या बायपोलर आजाराचा) ०.५६ हा आकडा का गाळला, हे त्यांनाच ठाऊक. नैराश्याचे एकमत घसरण्याचे एक कारण असे की त्या चाचण्यांत डॉक्टरांनी ठरावीक साच्यातील मुलाखत न घेता आपल्या नेहमीच्या पद्धतीने रुग्ण तपासले. दुसरे असे की नैराश्याबरोबर चिंता, व्यसन किंवा जुना आघात असेल तर एक डॉक्टर एका गोष्टीला प्रधान मानतो आणि दुसरा दुसरीला. हा विज्ञानाचा कमकुवतपणा आहे हे मी मान्य करतो. परंतु यातून आजारच नाही असा निष्कर्ष निघत नाही. सेरोटोनिनचा सिद्धांत कोसळला तरी औषधांचा उपयोग होतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे: २०१८ साली ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात अभ्यासलेली एकवीसही औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, जरी तो फरक माफक होता. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियम वापरले तेव्हा ते का चालते हे कोणालाच ठाऊक नव्हते, आजही पूर्णपणे ठाऊक नाही. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवून आम्ही ते देतो आणि माणसे वर्षानुवर्षे स्थिर राहतात.

मूळ मुद्द्याबाबत दीर्घसूत्री यांच्याशी सहमत आहे. सडेतोड यांना मात्र विचारावेसे वाटते: आपली बेरीज एकोणीस होती, हे ठीक. त्याआधी कधी न झोपता उत्साहात घालवलेले दिवस होते का, हे आपल्याला कोणी विचारले?

निशिगंध

आमच्या घरी तर बेरजेचीही वाट पाहिली गेली नाही. माझे पती गेल्यावर फार दिवस झाले नव्हते. रक्तदाब तपासायला गेले असता डॉक्टरांनी झोप, भूक, रडू येते का असे विचारले आणि ‘हे नैराश्य आहे’ म्हणून गोळ्या हातात ठेवल्या. पूर्वी जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याच्या निदानातून सहसा वगळले जात. २०१३ साली डीएसएम-५ मधून ती सवलत काढून टाकण्यात आली. तीस वर्षांच्या सहवासानंतर माणूस गेला तर मी किती दिवसांत हसायला लागायचे, हे एखादी समिती ठरवणार काय?

सडेतोड

आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती बाळगून विरोध करतो, कारण त्याच सवलतीने माझ्या वडिलांचे नुकसान केले. आई गेल्यावर ते बोलेनासे झाले. येणारा प्रत्येक जण ‘दुःख आहे, वेळ द्या’ असे सांगून जाई. त्यांनी जेवण जवळजवळ सोडले, आईच्या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत असे ते म्हणू लागले, नंतर आपण सर्वांना भार आहोत असेही म्हणू लागले. घरातल्या कोणालाही ते आजाराचे लक्षण वाटले नाही. शेवटी ते कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचले, हे येथे लिहिणार नाही. नोकरी गेल्यावर किंवा घटस्फोट झाल्यावर हीच लक्षणे दिसली तर आपण त्यांना नैराश्य म्हणतो. मग फक्त विधुराला प्रतीक्षा का करायला लावायची?

निशिगंध

तुम्ही माझ्या दुःखाला आजार ठरवत आहात.

सडेतोड

आणि तुम्ही माझ्या वडिलांच्या आजाराला दुःख ठरवत आहात. फरक एवढाच की तुम्हाला एक गोळी जास्त मिळाली आणि त्यांना एकही मिळाली नाही.

मृण्मयी

सडेतोड, हे वाक्य अनावश्यक होते. एखाद्या बाईला तिचा नवरा गेल्याचे दुःख किती, हे तराजूत घालून मोजू नका.

शंकेखोर

पाहा, हेच मी म्हणत होतो. आता डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ‘लांबलेल्या शोकाचा विकार’ही आला आहे: प्रौढांसाठी मृत्यूनंतर किमान बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीला सहाच महिने पुरतात. एकाच विधवेला एका पुस्तकाने सातव्या महिन्यात आजारी ठरवावे आणि दुसऱ्याने नाही. याला निदान म्हणतात!

रात्रपाळी

दोन्ही बाजूंनी कालावधीला गरजेपेक्षा अधिक महत्त्व दिले आहे. शोकाकुल माणूस आठवण आली की कोसळतो, परंतु मधल्या काळात नातवाच्या बोलण्यावर हसू शकतो. त्याचे दुःख गेलेल्या माणसाभोवती फिरते आणि स्वतःविषयीचा आदर सहसा शाबूत राहतो. नैराश्यात ती उसंत मिळत नाही. मन सतत जड राहते, आणि अपराधी भावना गेलेल्या व्यक्तीपुरती न राहता ‘मी मुळातच निरुपयोगी आहे’ येथपर्यंत जाते. सडेतोड यांच्या वडिलांचे ‘मी सर्वांना भार आहे’ हे वाक्य मला पहिल्या आठवड्यात ऐकू आले असते, तरी मी दोन महिने थांबलो नसतो. निशिगंध यांना मात्र रडू येते का एवढे विचारून गोळी देणे निष्काळजीपणाचे होते. सवलत काढली याचा अर्थ शोक करणाऱ्या प्रत्येकावर शिक्का मारा असा नाही. परंतु घाईत असलेले डॉक्टर तसाच अर्थ काढतील ही भीती तेव्हाच व्यक्त झाली होती. डीएसएम-४ च्या समितीचे प्रमुख अ‍ॅलन फ्रान्सिस यांनीच ती सवलत काढण्याला जाहीर विरोध केला होता.

निशिगंध

गोळ्या मी घेतल्या नाहीत, आणि मी अजून उभी आहे. सडेतोड यांच्या वडिलांविषयी मात्र मला वाईट वाटते. ते ‘भार आहे’ असे म्हणत होते हे आधी लिहिले असते, तर मी इतके ताणले नसते.

सडेतोड

ते मी लिहिले होते. आपण वाचले नाही.

दीर्घसूत्री

धागा माझा होता याची नम्र आठवण करून देतो. शोकाच्या या चर्चेतून माझेच म्हणणे सिद्ध झाले, असे म्हणायचा मोह होतो: सारख्याच लक्षणांच्या दोन माणसांत फरक पडला तो प्रसंगामुळे आणि पूर्वायुष्यामुळे, बेरजेमुळे नाही. सडेतोड यांनी रात्रपाळी यांच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेले नाही.

सडेतोड

नाही, मला कोणी विचारले नाही. माझ्या बाबतीत सुदैवाने तसे दिवस कधी नव्हते. परंतु ते विचारले गेले नाही हे खरे, आणि मृण्मयी यांच्या बहिणीची हकिगत वाचल्यावर ते विचारायला हवे होते हे मान्य करण्यावाचून माझ्यापुढे पर्याय ठेवलेला नाही. अभिनंदन.

आता माझी अट ऐका. त्या लेखातील शेवटचा परिच्छेद काढा. त्या जागी लिहा की नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल तर बेरीज न करता त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. पूर्वी न झोपताही उत्साह टिकला असेल तर ते पहिल्या भेटीत सांगा. थायरॉइड तपासून घ्या. शक्य असेल तर घरचे माणूस सोबत न्या. नऊ प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवा. नुसते ‘तज्ज्ञाकडे जा’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्याला दात घासण्याचेही बळ नाही, त्याला तज्ज्ञ शोधून वेळ ठरवायला सांगणे हा उपचार नव्हे.

मृण्मयी

अट मान्य आहे, एका दुरुस्तीसह. ‘शक्य असेल तर’ हे शब्द काढा. माझी बहीण एकटी गेली होती आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे तिने प्रामाणिक उत्तर दिले होते.

सडेतोड

ज्याच्या घरचेच त्याला आळशी म्हणतात, त्याने सोबत कोणाला न्यायचे? ते शब्द राहतील.