हेल्पलाइनवरचे नमुने: आपापले अनुभव येऊ द्या

तारतम्य

काल रात्री नेट गेलं. भिंतीवरच्या डबीत एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाहीये, तार कुठेतरी तुटलीय नाहीतर मुडपलीय. अशा वेळी राउटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. तरी हेल्पलाइनवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंद थांबा." मी निमूट थांबले. हीच पोपटपंची मी कधीकाळी स्वतः केलीय. एक पायरी गाळली तर त्याचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पुढे सरकत नाही, हे ठाऊक आहे.

त्यावरून डायल-अपचे दिवस आठवले. ५६ के मॉडेम, तो किंचाळण्याचा आवाज वगैरे. तेव्हा बहुतेकांकडे फोनची एकच लाइन. नेट चालू असेल तर आम्हाला फोन करता येत नाही, आणि आमच्याशी बोलत असताना नेट जोडता येत नाही. म्हणजे आम्ही सांगायचं "आता ठेवा, जोडून बघा, नाही झालं तर परत करा." परत केला की फोन दुसऱ्याच कोणाकडे जाणार, आणि ग्राहकाने सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. तिसऱ्या खेपेला कोणीही भडकेल!

एक गृहस्थ आठवतात. संध्याकाळी नेट तुटतं, तुम्ही मुद्दाम तोडता, हेच पालुपद. शेवटी खोदून खोदून विचारल्यावर कळलं, त्यांच्या फोनवर कॉल वेटिंग होतं. बहिणीचा रोज संध्याकाळी फोन. वेटिंगची टूं टूं झाली की मॉडेमचं बोलणं तुटणार. कॉल वेटिंग बंद करायला लावलं, नेट ठणठणीत. आठवड्याने पुन्हा फोन: "तुमच्यामुळे बहीण रुसलीय. फोन कायम एंगेज येतो म्हणते."

इथे बरेच जण या धंद्यातले आहेत किंवा होते. येऊ द्या.

सांजकोवळी

वाचतेय. मुलाची परीक्षा आहे, सविस्तर नंतर.

शून्यएक

रिस्टार्ट आणि रिसेट!!! एवढंच लिहून थांबलो तरी चालेल.

नाही, लिहितोच. मी म्हणायचो "बंद करून चालू करा". पलीकडचा मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबून धरायचा. नेट जोडायचं (पीपीपीओईचं) युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं स्वाहा. आणि वर ऐकायचं, "आधी निदान हळू तरी चालत होतं, तुम्ही पार बिघडवलंत." शेवटी मी सुरुवातच अशी करायला लागलो: "सर, मागे एक भोक दिसेल. त्याला हात लावू नका."

कोपऱ्यातला

@शून्यएक 😂😂 भोकाला हात लावू नका म्हटलं की पहिला हात तिथेच जाणार ना हो

निवांत

शिवीगाळ करणारे परवडले. माझ्या डोक्याला ताप म्हणजे "मी स्वतः आयटीत आहे" वाले. वायर बसलीय का विचारलं की अपमान होतो. न बघताच "हो हो, केव्हाच बघितलं."

आमच्या टीएलने (टीम लीडरने) एक युक्ती शिकवली होती. बसलीय का असं विचारायचंच नाही. म्हणायचं, "सर, प्लग बाहेर काढून त्याच्या पारदर्शक टोकात आठही तारा दिसतात का, तेवढं सांगा." नेटच्या वायरच्या त्या प्लगमध्ये (आरजे-४५) सहसा आठ तारा असतातच. पण मोजायला प्लग काढावा लागतो आणि मोजून झाल्यावर परत खटकन बसवावा लागतो. मग जरा शांतता. मग, "हां... आलं. तुम्ही तुमच्या बाजूने काहीतरी केलंत ना?"

"हो सर."

यात माझं काय जातंय? कॉल पाच मिनिटांत संपला, एएचटी वाचला.

तारतम्य

@निवांत तो "हो सर" कोरून ठेवण्यासारखा आहे.

धांदरटबाई

एएचटी म्हणजे काय? इथे सगळे कोडवर्डमध्ये बोलताहेत.

निवांत

सरासरी एक कॉल किती वेळ चालतो ते. जास्त झाला की टीएल मागे येऊन उभा राहतो.

बिनतारी

स्पीडवाले विसरलात. "१०० घेतलंय, डाउनलोड १२ दाखवतंय, बाकीचं कोण खातं?" १०० मेगाबिट भागिले ८, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, हे फोनवर समजावून दाखवा कोणीतरी. एकाने मला ऐकवलं की हे तुमचं आठाचं गणित ग्राहकांना लुबाडायलाच काढलंय.

खुसपट

@बिनतारी माफ करा, पण तो ग्राहक मला अजिबात विचित्र वाटत नाही. जाहिरातीत बिट, डाउनलोडच्या खिडकीत बाइट. सामान्य माणसाने काय करायचं? राग त्या जाहिरातीवर असतो, निघतो फोन उचलणाऱ्यावर.

बिनतारी

मान्य. पण उचलणारा मी होतो ना राव.

कोपऱ्यातला

अवांतर: स्पीड मोजताना निदान वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जोडा किंवा सरळ वायर लावा. २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर आणि मायक्रोवेव्हसुद्धा एकाच गर्दीत असतात. आमच्याकडे मायक्रोवेव्ह चालू झाला की व्हिडिओ अडकतो आणि सगळे माझ्याकडे बघतात.

मूकनायिका

फोनवरून टंकतेय, चुभूदेघे.

रात्रपाळीला होते. बाईचा आवाज ऐकला की काहींची जीभ सैल सुटते. आमच्याकडे आपण होऊन फोन ठेवायची परवानगी नव्हती. आधी दोनदा समज द्यायची, मग सुपरवायझरला विचारायचं, मग ठेवायचा. आणि सुपरवायझर दुसऱ्या कॉलवर. तोवर ऐकायचं.

एक शिकले. "शांत व्हा" हे दोन शब्द चुकूनही उच्चारायचे नाहीत, आगीत तेल. मी आवाज खाली आणायचे आणि बोलणं कमी करायचे. तो श्वास घ्यायला थांबला की एकच प्रश्न, ज्याचं उत्तर बघून द्यावं लागतं. "डावीकडून तिसरा दिवा कोणत्या रंगाचा आहे?" माणसाला दिवे मोजताना शिव्या देता येत नाहीत. खरंच नाही येत, बघा करून.

पण त्याहून अवघड गोष्ट सांगू? एवढं ऐकून कॉल संपतो, काही सेकंदांत कानात बीप वाजते आणि पुढचा लाइनवर. तो बिचारा साधा माणूस, त्याला काय माहीत. आणि आपण प्रसन्न आवाजात "नमस्कार". म्यूटवर बोट ठेवून एक श्वास, एवढीच सुट्टी.

सांजकोवळी

@मूकनायिका 🫂 परीक्षा सोडून हे लिहायला आले. पूर्वी मी हेल्पलाइनला नको ते बोललेय असं नाही, पण यापुढे तोंडून निघणारच नाही.

खुसपट

मूकनायिका, भारी लिहिलंत. दिवे मोजायची युक्ती घरातही वापरतो आता.

मधलीफांदी

आमच्याकडे एक काका होते. त्यांचा नंबर स्क्रीनवर आला की सगळे एकदम "मी ब्रेकवर". आधीचे तिकीट नंबर, तारीख, नेट किती वाजता गेलं, किती वाजता आलं, सगळं वहीतून वाचून दाखवायचे. मध्ये बोलू द्यायचे नाहीत. "आधी लिहून घ्या."

डीएसएलची, म्हणजे फोनच्या तारेवरूनच नेट येणारी, तांब्याची लाइन होती. आमचा माणूस तपासून यायचा, लाइन चकाचक. तिकीट बंद. दोन दिवसांनी काका हजर. एकदा नव्या मुलीकडे कॉल गेला. तिने खरंच सगळं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "काका, या तारखांना पाऊस होता का?" काका म्हणाले थांबा. त्यांनी पाऊसही लिहून ठेवला होता!

खांबाजवळच्या जोडणीत पाणी शिरत होतं. ओल आली की लाइनवर नॉइज (खरखर) वाढायचा, मॉडेम सिंक सोडायचा, म्हणजे पलीकडशी जोडणी तुटायची. वाळलं की सगळं सुरळीत. आणि आमचा माणूस पाऊस थांबल्यावरच जायचा. जोडणी बदलली, काकांचे फोन बंद.

त्या मुलीला त्या महिन्यात एएचटी जास्त म्हणून बोलणी बसली, हेही सांगतो.

शून्यएक

@मधलीफांदी शेवटच्या ओळीने डोकंच फिरलं.

धांदरटबाई

सगळे जाणकार जमलेच आहात तर एक विचारू का? लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसतोय आणि नेट नाही. घरातल्या बाकीच्यांचं चालतंय.

निवांत

राउटरकडून पत्ता मिळाला नाही की लॅपटॉप स्वतःच असा एक लावून घेतो. वायरने जोडलंय का? वायर बदलून बघा.

धांदरटबाई

झालं!!! दुसऱ्या वायरने लगेच आलं. तुम्हाला वेळ असेल तर प्रिंटरचं पण विचारायचं होतं, कालपासून ऑफलाइन दाखवतोय.

निवांत

प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा. मी तिकडे फिरकणार नाही.