मदत हवी आहे: कंबोईला किनारपक्षी नुसते ठिपके दिसतात

बडोद्याहून खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला दोनदा जाऊन झालं. तिथल्या स्तंभेश्वराच्या देवळातल्या दर्शनाच्या वेळा बघून निघालो होतो. समोर मैलभर चिखल आणि पार टोकाला ठिपके. दुर्बीण ८×४२. वेळ चुकते की जागा? आणि लेसर व ग्रेटर सँड प्लोव्हर हे दोन सारखे दिसणारे किनारपक्षी ओळखायचे कसे?

उत्तर १
वेळच चुकते. दर्शनाची वेळ म्हणजे ओहोटी, कारण भरतीत देऊळ पाण्याखाली जातं. पक्ष्यांची वेळ नेमकी उलटी. ओहोटीत ते पाण्याच्या कडेमागे लांब जातात, भरती त्यांना काठाकडे ढकलत आणते. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसा. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळची भरती निवडा, ऊन पाठीशी राहतं. दहानंतर चिखलावरची हवा थरथरते, मग वीसपटीचा स्कोपही कामाचा नाही.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे लावू नका. आखातात वर भरती मुंबईपेक्षा काही तास उशिरा पोचते. भावनगरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. ऐन उधाणाचा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा दिवस टाळा: विसाव्याची पट्टीच बुडते आणि थवे मिठागरांकडे उठून जातात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते तेव्हा, पाणी लांबच थांबतं. मधले दिवस बरे.

उत्तर २
चोचीची लांबी डोळ्याभोवतीच्या अंतराशी ताडा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर धरायचं. चोच तेवढीच किंवा आखूड असली तर लेसर, स्पष्ट लांब आणि जाड असली तर ग्रेटर. ग्रेटरचे पाय बहुधा फिकट हिरवट, पण चिखल माखला की रंगावर विसंबू नका. पक्षी अगदी आडवा उभा असेल तेव्हाच मोजा, तिरकी चोच हमखास आखूड भासते.

चालही बघा. प्लोव्हर धावतो, थबकतो, टिपतो. तो डोळ्यांनी शिकार करतो. टिलवे नि डनलिन हे छोटे किनारपक्षी मान खाली घालून चोच शिवणयंत्रासारखी चालवतात, त्यांना भक्ष्य चोचीच्या टोकाला लागतं. लाटेमागे धावणारा सँडरलिंग इथे शोधत बसू नका, त्याला वाळू लागते.

उत्तर १
एक राहिलं: चिखलात उतरायचं नाही. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दहा मीटरच्या वर जातो. पाणी आधी मागच्या ओहळातून भरतं, समोरून येताना दिसतच नाही. आणि एका पायावर झोपलेल्या थव्याने माना वर केल्या की तिथूनच मागे फिरा.