१९२९ ची ल माँ जिंकलेली बेंटली आज 'तीच' आहे का?

रानवाट:
बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' म्हणजे साडेसहा लिटर, सहा सिलिंडरची स्पीड सिक्स. १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तिच्यावरच पुन्हा जिंकली. एकाच गाडीने ल माँ दोनदा मारायची ही पहिलीच वेळ. १९३१ मध्ये इंग्लंडातल्या ब्रुकलंड्स ट्रॅकवरची पाचशे मैलांची शर्यतही तिचीच.

१९९० मध्ये ती १ कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि घेणारी कंपनी मागे फिरली. म्हणे ही ती गाडीच नव्हे. प्रकरण इंग्लंडच्या कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल मनापासून पटतो. शर्यतीची गाडी कपाटात ठेवायला बनवलेली नसते. पळायचं, झिजायचं, झिजलेलं काढून नवं बसवायचं आणि पुन्हा पळायचं, हाच तिचा जन्मभराचा धंदा. वेरूळच्या घृष्णेश्वराचं देऊळ मालोजीराजांनी पुन्हा उभं केलं, पुढे अहिल्याबाईंनी. तिथे हात जोडताना दगड कुठल्या सालचा, हे आपण विचारतो का?

पानापकड:
रानवाट, दाखला चुकलाय. जीर्णोद्धारात भिंती बदलतात, गाभाऱ्यातला देव तोच राहतो. इथे देवच बदललाय. त्याच निकालात न्यायमूर्तींनी काय नोंदवलंय ते वाचा. १९२९ च्या गाडीतल्या उरल्याच असतील तर किरकोळ फिटिंग्ज, आणि त्याही नेमक्या कधीच्या हे ठरवता येत नाही. १९३० चं म्हणाल तर पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम, तेही मूळ रूपात नाहीत. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, सस्पेन्शन, पुढचा अ‍ॅक्सल बीम, सगळं १९३२ चं. इंजिन तर आठ लिटरचं!

मी जुन्या गाड्या खोलून जोडतो, हेच माझं पोट. चासी आणि इंजिन दोन्ही बदललेली गाडी गिऱ्हाइकाला 'तीच' म्हणून दिली, तर मला रात्री झोप लागणार नाही.

सनद:
वकिलीतली असल्यामुळे एक फरक सांगते, दोघांच्याही नजरेतून तो सुटतोय. कोर्टाने 'मूळ' आणि 'अस्सल' हे शब्द वेगळे धरले. गाडी मूळ नाही, हे न्यायमूर्तींनी मान्यच केलं. पण ती मध्येच नाहीशी झाली आणि कुणी सुटे भाग गोळा करून नव्याने उभी केली, असं कधी घडलं नाही. एक एक भाग बदलत गेला, गाडीची साखळी तुटली नाही. शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. म्हणून अस्सल.

पानापकड:
सनदताई, साखळी कागदावर आहे, मला लोखंडात हवी.

रानवाट:
कागद एवढा हलका समजू नका, दादा. बेंटलीने अलीकडे स्पीड सिक्स पुन्हा बनवायला घेतल्या, मोजून १२. नकाशे जुनेच, कारागिरी उत्तम, नवीन लोखंड. त्यातली एकही ओल्ड नंबर वन होऊ शकत नाही, कारण त्या कुठे धावल्याच नाहीत. फरक इतिहासानेच पडतो ना?

पानापकड:
पडतो. मग तो इतिहास पुरता सांगा. १९३२ मध्ये आठ लिटरचं इंजिन घालून ही गाडी पुन्हा ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांना उतरली. जॅक डन्फी आणि त्याचा भाऊ क्लाइव्ह आळीपाळीने चालवत होते. जॅक म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्या जोडीतला. क्लाइव्हच्या पाळीत चाक बँकिंगच्या, म्हणजे वळणावरच्या उतरत्या ट्रॅकच्या, वरच्या कडेबाहेर गेलं, गाडी खाली झाडांत कोसळली आणि क्लाइव्ह गेला. त्यानंतर तिचं बंद टपाचं कूपे झालं.

आज जे लोखंड उभं आहे, ते बरंचसं त्या दिवशीचं आहे. तुम्ही सगळे त्याच्यावर बार्नाटोचे विजय लिहिता. त्या चासीवर खरा हक्क कुणाचा असेल, तर क्लाइव्ह डन्फीचा. त्याचं नाव या धाग्यात आत्तापर्यंत कुणीच घेतलं नव्हतं.

रानवाट:
खरंय. मी १९३१ वर थांबलो, ते बरोबर केलं नाही. गाडी तीच, हे माझं मत मी सोडत नाही. पण तीच असेल, तर तो अपघातही तिचाच. वरच्या मजकुरात आता भर घालता येत नाही, म्हणून इथे लिहितो: १९३२, ब्रुकलंड्स, क्लाइव्ह डन्फी.

सनद:
पानापकड, मग तुमच्या हिशेबाने पाटीवर काय लिहायचं?

पानापकड:
'१९३२ ची बेंटली, आठ लिटर.' त्याखाली तिच्यावर बसलेल्या सगळ्यांची नावं, सालांसकट. 'ल माँ विजेती' हे शब्द मी तरी लिहिणार नाही.